आमच्या स्वॅगची हवा

आज चौथा दिवस, माझी मान अजून डावीकडे वळत नाही. डावीकडून कुणी हाक मारली की मी खांद्यांसकट आख्खा फिरतो, कपाटाचं दार फिरावं तसा. ऑफिसात 'जिममध्ये लचकली' असं सांगितलंय. माझं पोट पाहता कुणाचा विश्वास बसलेला नाही, पण लोक सभ्य आहेत. खरं कारण आहे फरशी पुसायचा एक मॉप. आणि त्याहून खरं कारण म्हणजे एक आजोबा. त्यांच्यावर मला मनापासून चिडायचंय आणि ते धड जमत नाहीये.

आधी स्वॅगचं सांगतो, नाहीतर भलताच गैरसमज होतो. माझ्या भाच्याला फोनवर म्हटलं, "नवीन स्वॅग घेतला," तर तो म्हणाला, "मामा, स्वॅग विकत मिळत नाही, तो आतून यावा लागतो." तर हा तो ऐटीचा स्वॅग नव्हे. हा ऑस्ट्रेलियन स्वॅग म्हणजे वळकटी. रेल्वेतला जुना होल्डॉल आठवा. तोच जाड कॅनव्हासचा करा, आत फोमची गादी घाला, वर चेनचं झाकण आणि मच्छरजाळी लावा. जमिनीवर उलगडायचा आणि आत शिरायचं. हल्लीच्या स्वॅगना डोक्याशी आणि पायाशी काठ्यांच्या कमानी असतात, म्हणजे कॅनव्हास नाकाला लागत नाही. आमच्या जुन्या स्वॅगची एक काठी गेल्या इस्टरला हरवली. ती कुणी हरवली यावर घरात आजही दोन मतं आहेत.

म्हणून यंदा हवेचा स्वॅग. काठ्याच नाहीत तर हरवणार काय! कमानींच्या जागी रबरी नळ्या, त्यांत पंपाने हवा भरायची, की स्वॅग आपोआप उभा. दुकानातल्या पोराने दोन बोटं वर करून सांगितलं, "दोन मिनिटं." मला ती विजयाची खूण वाटली. ५४९ डॉलर दिले. घेताना मी अगदी जाणकारासारखा वागलो: कॅनव्हास चौरस मीटरला ४०० ग्रॅमचा आहे ना, गादी सात सेंटीमीटरची आहे ना, नळी फुटली तर ती तेवढीच बदलता येते ना, सगळं विचारलं. वजन विचारायचं राहिलं. ते १८ किलो निघालं. हवेला म्हणण्यासारखं वजन नसतं हे खरं, पण हवा सोडून बाकी सगळ्याला असतं.

शिवाय नवा कॅनव्हास आधी भिजवावा लागतो. यात थट्टा नाही. शिवणीत सुईची भोकं असतात. पाण्याने सुती धागा फुगतो आणि ती भोकं बुजतात. हे दोनतीनदा भिजवून-वाळवून केलं नाही तर पहिल्याच पावसात शिवणीतून थेंब झिरपतात. म्हणून मी परसात स्वॅग फुगवून त्यावर नळीने पाणी मारत होतो. कुंपणावरून शेजारीणबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत, पण तेव्हापासून माझ्याशी जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतात.

असो. गेल्या शनिवारी आम्ही ग्रॅम्पियन्सच्या डोंगरात गेलो. मेलबर्नहून पश्चिमेला तीन तास. पोचलो तेव्हा दुपारचे तीन, ३३ अंश, आणि गवतात कांगारू पाय पसरून पडलेले. शेजारच्या जागेवर ते आजोबा. वय पंचाहत्तरच्या पुढे, अर्धी चड्डी, कापसाच्या वातीसारख्या पांढऱ्या भुवया, पायाशी निळसर करड्या रंगाचा म्हातारा कुत्रा. आजोबांची घडीची खुर्ची डोंगराकडे तोंड करून होती. समोर खडकाची भिंत, तिच्यावर उतरतं ऊन. त्यासाठीच तर लोक इतक्या लांबून येतात.

मी पिशवीतून पंप काढला. आजोबांनी मान वळवून पाहिलं. मग ते उठले, खुर्ची उचलली, डोंगराकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून ठेवली आणि बसले. बिअरचा कॅन खुर्चीच्या हाताच्या खाचेत ठेवला. ही खुर्ची फिरवल्याचा आवाज, ते अॅल्युमिनियमचं 'खट्', मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"फुगवायचाय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तोंडाने?"

"पंपाने."

"अच्छा." त्यांनी कुत्र्याला सांगितलं, "पंपाने म्हणे."

पंप किंचाळायचा. दांडा खाली जाताना 'फुस्स' आणि वर येताना 'कींऽऽ'. दर 'कीं'ला कुत्रा एकदा भुंकायचा. आजोबांना हे आवडलं आणि ते मोजायला लागले. मोठ्याने. "अकरा... बारा... दम खा, मेट, घाई नाही." वयाने माझ्या वडिलांएवढा माणूस मला मेट, म्हणजे दोस्त, म्हणतो आणि मी मनातल्या मनात त्यांना आजोबा म्हणतो, इथेच मी भांडण हरलेलो असतो. ज्याला आपण आजोबा म्हटलं त्याला 'तुमचं तुम्ही बघा' कसं म्हणणार?

तिसाव्या ठोक्याला आजीबाई गाडीतून दुसरी खुर्ची घेऊन आल्या. चाळिसाव्याला कॅरॅव्हॅनमधला एक मुलगा चिप्स खात येऊन उभा राहिला. पन्नासाला स्वॅगने एक खांदा वर केला, जसा तव्यावरचा फुलका एका बाजूने टम्म होतो आणि दुसऱ्या बाजूने रुसतो. मुलगा ओरडला, "उठला!" आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी, खोटं कशाला सांगू, किंचित हात हलवला.

हवेचा दाब सांगणाऱ्या मीटरवर सात पीएसआय (दाबाचं माप) आले. पुस्तिकेत सातच सांगितले होते. मग आजोबा उठले, आले आणि अंगठ्याने नळी दाबली. आंबेवाल्याच्या पेटीत हात घालून दाबतात, तशी. न विचारता. मग आजीबाईंनी दाबली. मग त्या पोराने, चिप्सच्या तेलकट अंगठ्याने. कुत्र्याने हुंगली. माझ्या ५४९ डॉलरच्या वस्तूचा पंचनामा करून मंडळी आपापसात मान हलवत उभी, आणि निकाल काय ते मला कुणी सांगेना.

"तुमचा कुठाय?" मी विचारलं. जरा बोचावं म्हणून.

आजोबांनी जीपच्या मागून एक मळकट वळकटी काढली. तीस वर्षांपूर्वीची, मूळ रंग हिरवा असावा, दोन चामडी पट्ट्यांनी बांधलेली. पट्टे सोडले, पायाने एक ढकल दिली. ती गडगडत उलगडली. संपलं. कमान नाही, काठी नाही, हवा नाही.

"दोन सेकंद," ते म्हणाले. तेवढ्यासाठी दोन बोटंसुद्धा वर केली नाहीत.

अर्ध्या तासाने मीटर पाहिला तर सव्वाआठ! नळ्या उन्हात तापून ढोलासारख्या झाल्या होत्या. पुस्तिकेत लिहिलंय, उन्हात दाब वाढला तर हवा कमी करा. मी व्हॉल्व्ह दाबून फुस्सकन सातवर आणला. त्या क्षणी आजोबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड मिटलं आणि बिअरचा घोट घेतला. हा क्षण ध्यानात ठेवा. माझी सगळी तक्रार या एका घोटाबद्दल आहे.

संध्याकाळी साडेसातला कूल चेंज आला. व्हिक्टोरिया राज्यात राहणाऱ्यांना याचं कौतुक नाही: दिवसभर भट्टी, आणि मग नैऋत्येकडून असा वारा येतो की बघता बघता पारा दहा-पंधरा अंश गडगडतो. आम्ही 'हुश्श, गार झालं' म्हणत स्वॅगमध्ये शिरलो. मुलगी तिच्या वेगळ्या तंबूत. तो तीस डॉलरचा, काठ्यांचा.

रात्री दोनला माझ्या चेहऱ्यावर कुणीतरी ओला हात ठेवला. तो कॅनव्हास होता. वर आमच्याच श्वासाची वाफ जमलेली, बाहेरून पाऊस, आणि डोक्याशी असलेली कमान मान टाकून माझ्या नाकावर विसावलेली. बायको अंधारात शांतपणे म्हणाली, "काठ्या नाहीत, नाही का?" आणि उशी घेऊन मुलीच्या तंबूत निघून गेली. वीजेरीच्या उजेडात मला तो तंबू दिसला. तीस डॉलरचा. ताठ.

गणित मी घरी येऊन केलं, आणि ते इतकं सोपं आहे की लाज वाटते. ऊन खाल्लेली नळी पन्नास अंशांवर असताना मी सात पीएसआय ठेवले. रात्री तापमान ९ अंश. बंद नळीतली हवा थंड झाली की दाब उतरतो, आणि मीटर बाहेरच्या हवेच्या वरचाच दाब दाखवत असल्याने तो फरक तिथे प्रमाणाने आणखी मोठा दिसतो: सातचे होतात सव्वाचार. हे शाळेच्या विज्ञानात होतं. 'सूर्य मावळल्यावर पुन्हा हवा भरा' हे वाक्य पुस्तिकेतही होतं, पण मागच्या पानावर. महत्त्वाचं ते नेहमी मागच्या पानावर का छापतात? पुढच्या पानावर हसणाऱ्या जोडप्याचा फोटो होता, कॉफीचे मग घेतलेल्या.

मी पंप काढला. कींऽऽ. कुत्रा भुंकला. कींऽऽ. तीन कॅरॅव्हॅनमध्ये दिवे लागले. रात्री दहा ते सकाळी सात इथे शांततेची वेळ, तशी पाटीच आहे. कुणीतरी अंधारातून मला एक सूचना केली, ती छापण्यासारखी नाही. मी पंप खाली ठेवला.

मग कपाळाला दिवा बांधून आजोबा आले. तीच अर्धी चड्डी, वर रेनकोट.

"उतरली?" ते म्हणाले. "उतरणारच. दुपारी सोडलीस तेव्हाच मला माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

त्यांनी जरा विचार केला. "तू पुस्तक वाचत होतास, मेट. वाचणाऱ्या माणसाच्या मध्ये मी बोलत नाही."

सांगा, यावर काय करणार? मला अशा माणसांचा खरोखर राग आहे. ज्यांना काहीच कळत नाही ते सल्ला देतात ते एक वेळ परवडलं. पण ज्यांना कळतं आणि तरी जे खुर्ची फिरवून बसतात? इथे नवीन आलो तेव्हापासून हे बघतोय. कर भरायचा फॉर्म असो, ऑफिसातला कॉफीचा नियम असो, सगळ्यांना सगळं माहीत असतं, आणि आपण आपटल्यावर सगळे अगदी प्रेमाने सांगतात, "हो, ते तसंच असतं." आधी सांगायला काय जातं? त्याला हे लोक दुसऱ्याच्या कामात नाक न खुपसणं म्हणतात. आमच्याकडे निदान नाक तरी खुपसतात हो.

तर आजोबा म्हणाले, "काठी पाहिजे," आणि पावसात चालते झाले. आले ते संडास-बाथरूमच्या इमारतीतला मॉप घेऊन. लांब दांडा, वर दोऱ्यांचा झुपका. दांड्याचं टोक वर केलं तर कॅनव्हास फाटेल म्हणून झुपका वर, दांडा जमिनीत. तंबूचा खांब रोवावा तसा त्यांनी तो माझ्या उशीपाशी रोवला. कमान उचलली गेली. स्वॅग उभा राहिला. मानावंच लागेल, दोन मिनिटांत.

झुपका ओला होता. बरोबर माझ्या डोळ्यांच्या वर, वीतभर अंतरावर, जंतुनाशकाच्या वासाचा. दर काही सेकंदांनी एक थेंब. एका रात्रीत मी त्या झुपक्याच्या दोऱ्या मोजल्या, त्यातल्या एका दोरीला चिकटलेला टॉयलेट पेपरचा तुकडा ओळखीचा केला, आणि थेंब चुकवायला उजवीकडे मान मोडून पडलो. माझी मान लचकली ती तिथे.

झोप नाही तर विचार येतात. पूर्वी इथे स्वॅग ही हौस नव्हती. १८९० च्या दशकातल्या मंदीत आणि पुन्हा १९३० च्या दशकातल्या मंदीत माणसं कामाच्या शोधात गावोगाव चालत हिंडायची. पाठीवर घोंगडीची गुंडाळी, हातात चहाचा काळा पडलेला डबा. गुंडाळीला ती माणसं 'मॅटिल्डा' म्हणत, बायकोच्या नावाने हाक मारावी तशी. सगळा संसार तेवढाच, म्हणून पाठीवर. आणि मी बँकेचे हप्ते चालू असलेलं, भिंती-छप्पर असलेलं घर सोडून, ५४९ डॉलर मोजून, १८ किलोची हवा घेऊन मॉपखाली झोपायला आलो होतो. माझी खरी मॅटिल्डा शेजारच्या तंबूत घोरत होती. त्या माणसांपैकी कुणी मला पाहिलं असतं तर हसलं नसतं बहुतेक. त्याने मॉप मागितला असता.

पहाटे डोळा लागला. जाग आली ती बाईच्या आवाजाने. बरोबर सात, शांततेची वेळ संपलेली.

"माझा मॉप कुणी पाहिलाय का?"

"त्याच्याकडे आहे," आजोबांचा आवाज. तत्पर. आता बरा बोलला!

चेन सरकली. हातात बादली, गळ्यात किल्ल्या अशी सफाईवाली बाई आत डोकावली. तिने मला पाहिलं, मॉपला पाहिलं, मीटरकडे पाहिलं.

"सॉरी हं," ती म्हणाली, "साडेसातच्या आत बायकांची बाजू पुसायचीय."

"एक मिनिट, मी आधी—"

तिने मॉप नेला. ओला कॅनव्हास सावकाश, अगदी आदराने खाली आला आणि माझ्या तोंडावर बसला. अंधारात चेन कुठे आहे ते चाचपत होतो, तेवढ्यात बाहेरून आवाज आला.

खट्.