पूर ओसरल्यावर कोण येतं?

'संकटात खरा मित्र कळतो' हा सुविचार शाळेच्या फळ्यावर दर वर्षी वाचलाय. पण सांगलीत राहून मला काही तो पटत नाही.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आणि पाणी गेलं साडेसत्तावन्न फुटांवर. गावभागातलं आमचं घर बुडालेलं, आम्ही विश्रामबागला पाहुण्यांकडे. त्या आठवड्यात फोन ठेवायची सोय नव्हती. दहा-दहा वर्षं बोलणं नसलेली माणसं 'काही लागलं तर हक्कानं सांग' म्हणत होती. आणि ते तोंडदेखलं नव्हतं बरं का. आम्हाला बोटीतनं काढणाऱ्या पोरांची तर नावंही मला माहीत नाहीत. पुरात माणूस धावतोच, ओळख असो नसो. मग त्यावरनं मैत्री कशी जोखायची?

पाणी उतरलं आणि फोनही उतरले. राहिला चिखल. घरभर घोट्याच्या वर गाळ, आडवा पडलेला फ्रीज, फुगून न उघडणारं कपाट आणि तो वास. बायको उंबऱ्यावरनं आत बघून परत फिरली. मी नुसता उभा.

तेवढ्यात हा माझा मित्र आला. हातात फावडं, खांद्यावर घमेलं. "काय रं, कृष्णामाई मुक्कामाला हुती व्हय?" एवढंच बोलला आणि कामाला लागला. मी बोलावलं नव्हतं. तीन दिवस गाळ उपसला. चौथ्या दिवशी लग्नाचा अल्बम सापडला, सगळे फोटो एकमेकांना चिकटलेले. मी फेकायला निघालो होतो. त्यानं बादलीत स्वच्छ पाणी घेतलं, एकेक फोटो बोटानं सोडवला आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घातला. निम्मे वाचले.

आता लाजिरवाणी गोष्ट. पंचनाम्याच्या वेळी घरात नव्हतीच अशी एक वस्तू मी नुकसानीत सांगायला निघालो होतो. यानं मला बाजूला घेतलं. "तसलं काय करू नगंस." मी चिडलो, दोन दिवस बोललो नाही. तो मात्र फावडं घेऊन येतच राहिला.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला होता: नुसत्या ओळखीतनं थोडी मैत्री व्हायला साधारण ५० तास, मित्र व्हायला ९०, जिवलग व्हायला २०० च्या वर. माझ्या समोरच्या दुकानदाराबरोबर चहाचे हजारभर तास झाले असतील. सज्जन माणूस, पण घरचं दुखणं त्याच्याजवळ कधी काढावंसं वाटलं नाही. त्यात त्याचा काही दोष नाही. सगळ्यांशीच जिवाभावाचं असायला पाहिजे असा नियम थोडाच आहे? इथं फेसबुक ५००० मित्र करू देतं. त्यातल्या किती जणांसमोर आपण उघड्या अंगानं चिखलात उभे राहू शकतो?

२०२१ च्या जुलैत पाणी परत चढायला लागलं, तर हा आदल्या रात्रीच टेम्पो घेऊन दारात. "अल्बम कुठाय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

एरवी आमचं दोन-दोन महिने बोलणं होत नाही. त्याचं फावडं अजून माझ्याच जिन्याखाली पडलंय. त्यानं मागितलं नाही आणि मीही नेऊन दिलेलं नाही.