तीन दिवसांच्या व्हिडिओत पॅनमन मावत नाही

‘माणूस निवृत्त होण्याआधी तीन दिवस व्हिडिओ काढा, त्याचं बोलणं एआयकडून उतरवून घ्या, तो गेला तरी ज्ञान संस्थेतच राहतं.’ सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर हा मेसेज जोरात फिरतोय. त्यातल्या दाव्यांकडे जरा नीट बघू.

जाणकाराला विचारलं की तो सगळं सांगतो, हा पहिला. वाळवा भागातल्या साखर कारखान्यात गाळप चालू असताना पॅनवर, म्हणजे पाक आटवून साखरेचा दाणा पाडतात त्या भांड्यापाशी जा. ते सांभाळणारा पॅनमन काचेवर नमुना घेतो, उजेडाकडे धरतो, बोटांत ताणून बघतो आणि सिरपचा व्हॉल्व्ह किंचित फिरवतो. का, म्हणून विचारा. ‘दाणा बघून,’ एवढंच म्हणेल. लपवत नाही तो. पाक फार घट्ट झाला की खोटा दाणा, म्हणजे नको असलेला नवा बारीक दाणा सुटतो, हे कुणीही लिहून देईल. पण जळका नाहीतर शिळा ऊस आला की पाक चिकट होतो, दाणा लांबट पडतो. तेव्हा आटवण्याचा वेग कुठे आणि किती कमी करायचा, ते त्याच्या बोटांनाच कळतं. सांगता येतं त्याहून आपल्याला जास्त ठाऊक असतं, असं तत्त्वज्ञ मायकेल पोलान्यी यांनी १९६६ मध्ये मांडलं. १९७४ मध्ये समाजशास्त्रज्ञ हॅरी कॉलिन्स यांनी दाखवलं की, नुसता छापील मजकूर वाचून एकाही प्रयोगशाळेला टीईए लेसर (वायूवर चालणारा एक लेसर) चालू करता आला नाही. ज्यांची तो लेसर बनवणाऱ्यांकडे ऊठबस होती, त्यांनाच जमलं. आणि ही शास्त्रज्ञ मंडळी होती!

जुनी माणसं मुद्दाम लपवतात, हा दुसरा. काही लपवतातही. उद्या आपल्या जागी कंत्राटी पोरगा येणार हे दिसत असताना कोण मोकळं बोलेल? उलट झेरॉक्स कंपनीच्या तंत्रज्ञांनी ‘युरेका’ या संगणक प्रणालीत दुरुस्तीच्या युक्त्या आपणहून लिहिल्या. सहकारी त्या तपासायचे आणि लिहिणाऱ्याचं नाव सोबत राहायचं.

साठवलं की टिकलं? फाईल टिकते. उघडतो कोण?

व्हिडिओ काढूच नका असं नाही. व्हॉल्व्हचा क्रम, जुन्या दुरुस्त्या जरूर नोंदवा. फक्त ‘काम कसं करता?’ असं विचारू नका. ‘गेल्या हंगामात पॅन बिघडला तेव्हा आधी काय दिसलं?’ असं विचारा. आणि हे शूटिंग जुलैत ठेवू नका. एका कारखान्यानं ठेवलं होतं. पॅन थंड, रिकामा, आणि पॅनमन कोरड्या काचेकडे बघून हातवारे करतोय!

खरं तर नवा माणूस अख्खा हंगाम त्याच्या शेजारी उभा राहायला हवा. ‘एका पॅनला दोन पगार परवडत नाहीत,’ हे उत्तर ठरलेलं. खोटा दाणा विरघळवायला पाणी घालायचं आणि तेच पाणी परत आटवायचं, यात जाणारी वाफ मात्र त्या दुसऱ्या पगाराशेजारी कुणी मांडत नाही.