पानाची बिडी आणि छातीचा भाता

माझे थोरले चुलते परभणीच्या मोंढ्यात एका आडतीवर मुनीम होते. चाळीस वर्षे हिशेब लिहिताना त्यांची बिडी कधी सुटली नाही. “सिगारेट कागदाची, बिडी पानाची, पानाने काय होते?” हे त्यांचे म्हणणे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आणि खरे सांगायचे तर बरीच वर्षे मलाही ते पटत होते. पारावर, एसटी स्थानकावर, ऊसतोडीच्या टोळीत, कुठेही बसा, बिडी ‘हलकी’ असते हा समज आपल्या मराठवाड्यात आजही भेटतो.

बिडीत सिगारेटपेक्षा तंबाखू कमी असते, इतकेच त्यात खरे आहे. टेंभुर्णीच्या पानातून कागदासारखी हवा खेळत नाही, त्यामुळे बिडी विझू नये म्हणून माणूस भराभर आणि खोल झुरके घेतो, आणि अखेरीस निकोटीन, टार व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटइतकेच, पुष्कळदा त्याहून जास्त, छातीत उतरते.

दुसरा समज मला अधिक घातक वाटतो. आपल्याकडे धूम्रपान म्हटले की फक्त कॅन्सर आठवतो, आणि तो झाला नाही म्हणजे माणूस सुटला असे धरले जाते. चुलत्यांना कॅन्सर झाला नाही. साठीच्या आत त्यांना माडीचा जिना चढवेना. सकाळी अर्धा तास खोकल्यात जाई आणि घरातले सगळे, मीही त्यात आलो, ‘वय झाले’ म्हणत राहिलो. फुप्फुसांतील हवेच्या बारीक पिशव्या धुराने एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा तयार होत नाहीत, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा उशीर झालेला होता. धूम्रपान करणाऱ्याला क्षयरोग होण्याचा आणि त्यात दगावण्याचा धोकाही वाढतो, आणि क्षय आपल्या वस्त्यांना नवा नाही.

त्याच मोंढ्यातील एका हमालाच्या पायाची दोन बोटे पस्तिशीतच कापावी लागली. चप्पल चावली असेल म्हणून त्याने कित्येक महिने हळद लावली होती. बर्जर्स डिसीज नावाच्या या विकारात हातापायांच्या रक्तवाहिन्या सुजतात, त्यांत गुठळ्या होतात आणि बोटे काळी पडतात. तंबाखू पूर्णपणे थांबवणे हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे. ‘दिवसाला दोनच’ अशी तडजोड येथे चालत नाही. पाठीवर पोती वाहून पोट भरणाऱ्याचा पायच गेला, तर त्या घराचे काय होते हे मी वेगळे लिहीत नाही.

“आता सोडून काय उपयोग?” असे चुलतेही म्हणत. ब्रिटनमधील डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षे चाललेल्या अभ्यासात, सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटलेले आढळले. मात्र साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही त्यातील सुमारे ३ वर्षे परत मिळाली आणि तिशीत सोडणाऱ्यांना जवळजवळ सगळी. हृदयविकाराचा वाढलेला धोका तर सोडल्यापासून वर्षभरातच निम्म्यावर येतो.

सोडणे सोपे नाही, हे मी चुलत्यांच्या चिडचिडीवरून सांगू शकतो. पहिला आठवडा त्यांनी कुणालाच सरळ उत्तर दिले नाही. १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते, तो मीच त्यांना लावून दिला. आता बिडी नाही, पण काडेपेटी अजून सदऱ्याच्या खिशात असते आणि मी त्यावर काही बोलत नाही.