‘डोळे मिटून रास्पबेरी पाय घ्या’ म्हणणाऱ्यांनो, जरा डोळे उघडा

घरी बिअर बनवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो, तुमच्याकडेही दोन-चारदा आला असेल. त्याचं सार असं: ‘ब्रूइंग सेटअप ऑटोमेट करायचाय ना, मग डोळे मिटून रास्पबेरी पाय घ्या. अर्डुइनो म्हणजे खेळणं. पायचा प्रोसेसर फास्ट आहे म्हणून टेंपरेचर जास्त अचूक मिळतं. एकटा पाय सेन्सर, पंप, हीटर, ग्राफ सगळं बघतो. रेडीमेड पीआयडी डबे जुनाट झाले, सॉफ्टवेअर पीआयडी नेहमी स्मार्ट, पीएलसी कारखान्यांसाठी असतं. सेफ्टी कोडमध्येच लिहून टाका, वेगळं काही लागत नाही. आणि मॅशपासून फर्मेंटेशनपर्यंत एकच कंट्रोलर पुरतो.’

नवख्यांसाठी आधी शब्द. पाय म्हणजे एका बोर्डावरचा छोटा कॉम्प्युटर, अर्डुइनो म्हणजे एकच प्रोग्रॅम चालवणारा त्याहून साधा मायक्रोकंट्रोलर बोर्ड. पीआयडी म्हणजे हवं ते तापमान किती दूर आहे ते बघून हीट कमी-जास्त करायची पद्धत, पीएलसी म्हणजे यंत्रं चालवणारा दणकट कंट्रोलर. मॅश म्हणजे दळलेलं धान्य गरम पाण्यात धरून ठेवणं, फर्मेंटेशन म्हणजे नंतर यीस्टने ते आंबवणं.

पायशी माझं वैर नाहीये. माझ्याकडे एक आहे, रोज चालू असतो. पण ह्या सल्ल्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य अर्धवट आहे आणि एक तर सरळ धोकादायक आहे, म्हणून एकेक घेतो.

पहिलं, फास्ट प्रोसेसर म्हणजे अचूक टेंपरेचर. जरा हिशोब करू. भांड्यात ३० लिटर पाणी आणि ३ किलोवॅटचं हीटिंग एलिमेंट धरा. एक लिटर पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण ४.१९ किलोज्यूल लागतात, म्हणजे ३० लिटरला १२५ च्या आसपास. ३ किलोवॅट म्हणजे सेकंदाला ३ किलोज्यूल. तर एलिमेंट फुल चालू असताना पाणी सेकंदाला ०.०२४ डिग्रीने चढतं, मिनिटाला जेमतेम १.४ डिग्री. आता आपण सगळे जो सेन्सर लावतो तो डीएस१८बी२०, त्याची सगळ्यात बारीक पायरी ०.०६२५ डिग्रीची, आणि एक रीडिंग द्यायला तो पाऊण सेकंद घेतो. म्हणजे फुल हीटवरसुद्धा सेन्सरचा आकडा एक पायरी सरकायला अडीच सेकंदांच्या वर लागतात, आणि तेवढ्या वेळात तो ‘खेळणं’ म्हणून हिणवलेला १६ मेगाहर्ट्झचा अर्डुइनो ४ कोटी सायकल मोजून झोपा काढत बसलेला असतो. तिथे गीगाहर्ट्झ लावून काय करणार? मुंगी मारायला तोफ.

चूक येते ती दुसरीकडून. त्याच सेन्सरची अचूकता कंपनीच अधिक-उणे अर्धा डिग्री सांगते, आणि सेन्सर भांड्यात कुठे लावलाय ह्याने तर कधीकधी त्याहून कितीतरी जास्त फरक पडतो. एलिमेंटजवळ लावला तर एक आकडा, धान्याच्या थरात मधोमध खुपसला तर दुसरा, पंपाच्या आउटलेटला लावला तर तिसरा. मॅशमध्ये स्टार्चची साखर करणारी दोन एन्झाइम असतात. बीटा अमायलेज साधारण ६० ते ६५ मध्ये खूश असतं, अल्फा अमायलेज त्याच्या वर ७० च्या आसपास, म्हणजे ६४ वर मॅश केलं की ६८ वर ह्याने बिअरचं अंग, म्हणजे दाटपणा, बदलतो. हा चार डिग्रीचा फरक चुकीच्या जागी लावलेला सेन्सर आरामात खाऊन टाकतो. बर्फाच्या पाण्यात सेन्सर धरून शून्य येतंय का बघणं आणि वर्ट (मॅशमधलं गोड पाणी) फिरता ठेवणं ह्या दोन गोष्टींनी जे मिळतं ते कुठल्याही बोर्डाने मिळत नाही.

दुसरं, एकटा पाय सगळं करतो. पायवर एकही ॲनालॉग इनपुट नाही, म्हणजे कमी-जास्त होणारं व्होल्टेज थेट मोजणारी पिन नाही. (पिको हा वेगळा प्राणी, तो मायक्रोकंट्रोलर आहे, त्याला आहे.) म्हणजे पीटी१०० हा दुसऱ्या जातीचा टेंपरेचर सेन्सर लावायचं म्हटलं की मध्ये त्याचं रीडिंग आकड्यात बदलणारी मॅक्स३१८६५ सारखी चिप आली. पिना ३.३ व्होल्टच्या, ५ व्होल्ट चुकून लागले तर पिन गेली, कधी पूर्ण बोर्ड गेला. एसएसआर म्हणजे सॉलिड स्टेट रिले, हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, त्याच्यावर बऱ्याचदा ३ ते ३२ व्होल्ट इनपुट लिहिलेलं असतं, म्हणजे ३.३ जेमतेम उंबरठ्यावर, त्यामुळे मध्ये एक ट्रान्झिस्टर टाकणं शहाणपणाचं. असं करत करत ‘एकट्या’ पायभोवती चार बोर्डांचं बिऱ्हाड जमा होतं.

आणि गंमत बघा. पाय-ब्रूइंगचं नाव काढलं की ज्या ब्रूपाय प्रोजेक्टचं उदाहरण हमखास देतात, त्याच्या मूळ रचनेत टेंपरेचरचा कंट्रोल अर्डुइनोवर चालायचा, आणि पाय फक्त वेबपेज आणि नोंदी सांभाळायचा. पाय बंद पडला तरी अर्डुइनो आपलं काम करत राहायचा. नाव पायचं आणि राबणारा दुसराच! पण ती वाटणी मुद्दाम केलेली होती, आणि मला विचाराल तर अजूनही तीच बरोबर आहे. क्राफ्टबीअरपाय सारख्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल पायवरच चालतो, बरेच जण वापरतात, चालतं पण. फक्त मग पुढचा मुद्दा नीट वाचा.

कारण खरं घोडं तिथेच पेंड खातंय. ‘सेफ्टी कोडमध्ये लिहा.’

कोड मेला तर? पायवर पायथनचा प्रोग्रॅम चालू आहे, मॅश ६२ वर आहे, सेट केलंय ६७, म्हणून हीटरची पिन हाय, म्हणजे चालू, आहे. त्याच क्षणी सेन्सरची वायर वाफेने ओली झाली नि सैल पडली. लिनक्समध्ये ह्या सेन्सरचं रीडिंग एका फाईलमधून वाचतात. वायर गेली की कधी चेकसम (रीडिंग धड आलं का ते तपासणारा आकडा) फेल होतो, कधी थोड्या वेळाने फाईलच गायब. प्रोग्रॅममध्ये ती शक्यता धरलेली नसेल तर एरर येऊन तो भाग तिथेच बंद पडतो, आणि पिन? पिन बऱ्याचदा जिथे होती तिथेच राहते. हाय. प्रोग्रॅम मेला म्हणून पिन आपोआप खाली येईलच असं नाही. एलिमेंट चालूच, आणि स्क्रीनवर शेवटचं रीडिंग ६२, अगदी शांत, सगळं आलबेल असल्यासारखं.

अर्डुइनोवाल्यांनीही हसू नये. तिथली नेहमीची लायब्ररी सेन्सर सापडला नाही तर उणे १२७ हा आकडा देते. तुमच्या पीआयडीला तो आकडा तसाच खायला दिला तर त्याला वाटतं अरे बापरे भांड्यात अंटार्क्टिका झालाय, आणि तो हीटर १०० टक्के सोडतो. तसाच एक ८५ चा आकडा, सेन्सरची पॉवर क्षणभर गेली-आली की मोजमाप होण्याआधी तो ८५ सांगतो. त्यात निदान हीटर बंद होतो, म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही. तर कोडमध्ये उणे १२७, ८५ आणि एकदम मोठी उडी ह्या तिन्हींना गाळणं लागतंच, वॉचडॉगही (प्रोग्रॅम अडकलाय का ते बघणारा टायमर) लागतोच. अर्डुइनोच्या चिपमध्ये जास्तीत जास्त ८ सेकंदांचा वॉचडॉग आहे, अडकला की रीसेट, आणि रीसेटला पिना सुटतात. पायमध्येही हार्डवेअर वॉचडॉग आहे, तो नुसता चालू करावा लागतो, किती जणांनी केलाय हात वर करा.

पण समजा तुमचा कोड सोन्याचा आहे. तरी एसएसआरचं काय? एसएसआर बिघडला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊन बिघडतो, म्हणजे कायमचा चालू. कोड बिचारा पिन लो करून बसलाय, आणि एलिमेंट धडाधड पेटलंय. जगातला कुठलाही प्रोग्रॅम ते थांबवू शकत नाही. त्यासाठी एसएसआरच्या मागे सिरीजमध्ये मेकॅनिकल कॉन्टॅक्टर (दणकट मोठा रिले) हवा, त्याची कॉइल एका मशरूम बटणातून गेलेली हवी, जे दाबलं की सगळं मेलं. एलिमेंटच्या लाईनवर ३० मिलिअँपचा अर्थ लिकेज ब्रेकर हवा, कारण आपण पाणी, वीज आणि ओले हात एकत्र आणतोय. आणि एसएसआरला हीटसिंक, तोही डब्याच्या बाहेर तोंड करून, कारण एका अँपियरमागे साधारण एक ते दीड वॅट उष्णता तो सोडतो आणि बंद प्लास्टिकच्या डब्यात ती जाणार कुठे.

माझा स्वतःचा पराक्रम सांगतो, हात दाखवून अवलक्षण म्हणा. स्वस्तातलं रिले मॉड्यूल घेतलं होतं, ते निघालं ॲक्टिव्ह-लो, म्हणजे पिन लो झाली की रिले चालू. आणि बोर्ड घेतला होता ईएसपी८२६६, वायफायवाला छोटा मायक्रोकंट्रोलर. संध्याकाळी टेस्टिंग म्हणून रिकाम्या भांड्याला एलिमेंट जोडून पॉवर दिली, म्हटलं नुसती स्क्रीन बघू. माझा कोड सुरू व्हायच्या आधीच्या त्या क्षणात एक टक् आवाज आला, मी आनंदात, वा रिले चालतोय! आणि मग कोडमधल्या एका चुकीने बोर्ड सारखा रीस्टार्ट होत राहिला, टक् टक् टक्, आणि मी स्क्रीनकडे बघत बसलो. एलिमेंट कोरडं तापून त्याचा रंग गेला आणि वास सुटला तेव्हा कळलं. ह्या चिपच्या काही पिना बूट होताना आपापल्या मर्जीने वागतात, ते आधी वाचायचं असतं, आणि हीटरच्या पिनला एक १० के चा रेझिस्टर लावून ‘काहीच सांगितलं नाही तर बंद’ अशी सवय लावायची असते. ते एलिमेंट अजून टेबलावर ठेवलंय.

म्हणून कुठलाही कंट्रोलर निवडताना मी आता आधी हेच विचारतो की हा मेला, अडकला, रीस्टार्ट झाला, सेन्सर तुटला, तर हीटरचं काय होतं. स्क्रीन किती इंची वगैरे मग बघू.

पुढचं. रेडीमेड पीआयडी जुनाट. जुनाट आहे, मान्य. ४८ बाय ४८ मिलिमीटरचा चौकोनी डबा, लाल-हिरवे आकडे, चार बटणं आणि मेनू असा की डोकं फिरतं. पण त्यात पीटी१०० थेट जोडता येतं, एसएसआरचं आउटपुट तयार असतं, ऑटोट्यून (पीआयडीचे आकडे स्वतःच ठरवणं) असतं, आणि चांगल्यातले बरेचसे सेन्सर तुटला की स्वतःहून आउटपुट बंद करून एरर दाखवतात. वर जे सगळं रामायण सांगितलं त्यातलं अर्धं कोणीतरी आधीच करून ठेवलंय! एक डबा एकच भांडं सांभाळतो आणि ग्राफ काढत नाही, हे त्याचे दोष.

‘सॉफ्टवेअर पीआयडी नेहमी स्मार्ट’ हेही तसंच. २० वरून ६७ वर जायला वरच्या हिशोबाने अर्धा तास लागतो, तेवढा वेळ इंटिग्रल (पीआयडीतला ‘आय’, मागच्या फरकांची बेरीज) साठत राहतो आणि कोडने त्याला लगाम घातला नसेल तर पाणी ६७ ला थांबत नाही, ७० बघून परत येतं. सोपा उपाय म्हणजे दोन-तीन डिग्री उरेपर्यंत सरळ फुल हीट आणि मग पीआयडी. ऑटोट्यून नुसत्या पाण्यावर करून मॅशला तेच आकडे वापरले तरी गडबड होते, घट्ट धान्य वेगळं वागतं.

आणि उकळताना तर पीआयडी नकोच. उकळतं पाणी कितीही जाळ लावा, तापमान वाढत नाही, वाफ वाढते. समुद्रसपाटीपासून ६०० मीटर उंचीवर पाणी ९८ च्या आसपास उकळतं, तिथे तुम्ही १०० सेट केलं की कंट्रोलर बिचारा त्या दोन डिग्रींच्या मागे फुल पॉवर लावून धावत राहतो आणि फेस भांड्याबाहेर. तिथे टक्क्यात पॉवर देणारा मॅन्युअल मोड लागतो, उकळी येईपर्यंत १००, मग ६०-७० वर आणून डोळ्यांनी बघत खालीवर करायचं. रेडीमेड डबा घेताना हा मोड आहे का एवढं नक्की बघा, सगळ्यांत नसतो.

पीएलसी कारखान्यांसाठी, ह्यावर फार बोलत नाही. लहान पीएलसी मिळतात, २४ व्होल्टवर चालतात, बाजूला कॉन्टॅक्टर खाडकन पडला तरी हँग होत नाहीत, वर्षानुवर्षं चालतात. आरटीडीचं, म्हणजे पीटी१०० सारख्या सेन्सरचं, मॉड्यूल बऱ्याचदा वेगळं घ्यावं लागतं आणि लॅडर लॉजिक ही पीएलसीची भाषा शिकावी लागते. कामावर ज्यांचा हात त्यात बसलाय त्यांनी घरी पण तेच वापरावं, कशाला पायथन शिकत बसताय. बाकीच्यांना गरज नाही.

राहिलं ‘एकच कंट्रोलर शेवटपर्यंत’. मॅश आणि उकळणं हा पाच-सहा तासांचा खेळ, तुम्ही समोर उभे असता. फर्मेंटेशन दोन आठवडे, समोर कोणी नाही. मध्ये वीज गेली-आली की पायचं एसडी कार्ड खराब व्हायची भीती असते, तेही नेमकं तुम्ही गावाला गेल्यावर. (फाईल सिस्टिम रीड-ओन्ली करता येते, ज्यांना पायच वापरायचाय त्यांनी ते जरूर करा.) शिवाय काम किती साधं, फ्रीज चालू, फ्रीज बंद, अर्ध्या डिग्रीची ढील. इथे पीआयडी लावाल तर फ्रीजचा कॉम्प्रेसर दर मिनिटाला चालू-बंद होऊन मरेल, त्याला दोन वेळांमध्ये तीन ते पाच मिनिटं विश्रांती लागते. हीट-कूल वाला साधा डबा मिळतो त्यात ही विश्रांतीची सेटिंग असते. सेन्सर हवेत न लटकवता फर्मेंटरच्या अंगाला फोमखाली चिकटवा, कारण यीस्ट जोरात असताना आतली बिअर बाहेरच्या हवेपेक्षा काही डिग्री गरम असते.

माझं सध्याचं विचाराल तर दोन भांड्यांना दोन चौकोनी डबे, कॉन्टॅक्टर आणि लाल बटण. फ्रीजला साधा हीट-कूल कंट्रोलर. एक ईएसपी३२ (ईएसपी८२६६ चा मोठा भाऊ) नुसता वेगळ्या सेन्सरवरून तापमान वाचून पाठवतो, त्याच्या हातात एकही रिले दिलेला नाही. आणि पाय वरच्या फळीवर बसून ग्राफ काढतो, सुंदर काढतो. मागच्या बॅचला मध्येच हँग झाला, ग्राफला तीन तासांचं भगदाड पडलं, बिअरला पत्ताही नाही.