राणीच्या बागेत उर्वशी पाहायला कोण जातो?

फेब्रुवारीतल्या एका रविवारी भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, उर्वशीच्या झाडाखाली उभा होतो. अर्ध्या तासात चार कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला : ‘काका, पेंग्विन कुठल्या बाजूला?’ मी हात दाखवत राहिलो. डोक्यावर लालभडक फुलांचे घोस लोंबत होते, पण मान वर कोणीच केली नाही.

उर्वशी मूळची म्यानमारची. तिचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. शेंदरी-लाल पाकळ्यांच्या टोकाशी पिवळा ठिपका असतो. कोवळी पालवी तर त्याहून मजेदार : तांबूस, मऊ, ओला रुमाल वाळत घालावा तशी फांदीवरून लुळी पडलेली. पहिल्यांदा पाहणाऱ्याला झाड सुकले आहे असेच वाटते. मलाही वाटले होते.

ही बाग मुळात वनस्पतींसाठी उभी राहिली, हे आपण विसरलो आहोत. शिवडीला, जिथे पुढे ख्रिस्ती दफनभूमी झाली, तिथे उद्यानविद्येला वाहिलेल्या एका संस्थेची बाग होती. तिची जागा गेल्यावर भायखळ्याला नवी बाग आखली गेली आणि ती 1862 साली लोकांसाठी खुली झाली. प्राणी आले ते नंतर, 1890च्या सुमारास. म्हणजे वयाने झाडे वडीलधारी आणि प्राणी धाकटे. पण घरात कौतुक धाकट्यांचेच व्हावे, तसे इथे झाले आहे.

पेंग्विनांवर माझा राग नाही. 2016 साली ते सोलहून आले, 2017च्या मार्चमध्ये लोकांना पाहायला मिळाले आणि त्याच वर्षी पाच रुपयांचे तिकीट पन्नास रुपये झाले; आई-वडील आणि दोन मुले अशा चौघांना मिळून मात्र शंभर. तरीही गर्दी वाढली, आणि मुंबईतल्या मध्यमवर्गीय कुटुंबाला शंभर रुपयांत चौघांचा दिवस घालवता येईल अशा जागा उरल्या आहेत तरी किती? प्रश्न एवढाच आहे की, त्याच तिकिटात उर्वशी, कैलासपती, सीता अशोक आणि गोरखचिंचही येतात, हे त्या कुटुंबाला कोणी सांगायचे?

इथे भरणाऱ्या पुष्पोत्सवाला लोक झुंबड करतात, तेव्हा मुंबईकराला फुलांचे वावडे आहे असे म्हणता येत नाही. मात्र तिथे फुलांपासून प्राणी, वाहने, इमारती असे काहीबाही साकारलेले असते आणि लोक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. कुंड्या दोन-तीन दिवसांनी हलतात. (मीही दरवर्षी जातो आणि फोटो काढतो, हे कबूल करायला हवे.) पण शंभर पावलांवरच्या कैलासपतीला थेट खोडातून फुले येतात आणि प्रत्येक फुलात नागफण्याखाली शिवलिंग असावे तशी रचना दिसते, तो आकार कोणत्याही माळ्याने तारेवर बांधलेला नाही.

मला वाटते, उद्यानाचे आकर्षण वाढवायचे म्हणजे दर वेळी काहीतरी नवे बांधायचे, या कल्पनेतच गफलत आहे. तिकीट खिडकीशेजारी एक साधा फळा ठेवावा आणि त्यावर दर सोमवारी खडूने लिहावे : या आठवड्यात काय फुलले आहे, ते कुठल्या वाटेवर आहे आणि आणखी किती दिवस टिकेल. तीन-चार ओळी पुरेत. वाघ आज आहे तसाच महिन्याभराने दिसेल. उर्वशीचा बहर तोवर सरलेला असेल. एवढे कळले, तरी पेंग्विनांकडे धावणारी काही पावले वाटेत थबकतील, अशी माझी खात्री आहे.

एका झाडापुढे मात्र हा फळाही हतबल ठरेल. आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेची मोठी पांढरी फुले अंधार पडू लागल्यावर उमलतात, ती वटवाघळांसाठी. आणि त्याआधीच शिट्टी वाजवत पहारेकरी आपल्याला फाटकाबाहेर काढतो.