खुलासा: गरोदरपणात बीपीची गोळी बंद करू नका

‘गरोदरपणात बीपीच्या गोळीने बाळाला अपाय होतो, मीठ सोडलं की पुरे,’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि धोकादायकही. लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा ही औषधं गरोदरपणात वर्षानुवर्षं दिली जातात. काही बीपीच्या गोळ्या मात्र खरंच चालत नाहीत. त्या डॉक्टर बदलून देतात. मीठ सोडून प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून आई-बाळाला धोका निर्माण करणारा आजार) टळत नाही.

विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा जास्त असेल तर लघवीतलं प्रथिन तपासायलाच हवं. डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली दुखणं, यातलं काहीही झालं किंवा बीपी १६०/११० वर गेलं तर रात्र असली तरी लगेच दवाखाना गाठा. सासूबाई, आईंनीही हे वाचावं. सरकारी रुग्णालयांत दर महिन्याच्या ९ तारखेला मोफत तपासणी असते.