हाताच्या अंतरावरचा ठोसा पकडायला जाऊ नका

सेल्फ डिफेन्सच्या व्हिडिओंमध्ये एक दृश्य ठरलेलं असतं. समोरचा ठोसा मारतो आणि मारलेला हात तसाच हवेत लांब ठेवून उभा राहतो. मग शिकवणारे सर तो हात बाजूला सारतात, मनगट धरतात, पिळतात, गुडघा घालतात आणि त्याला आडवा करतात. मला या व्हिडिओंचा मनापासून राग येतो. ते बघून उद्या कुणीतरी खरोखरच मनगट धरायला जाईल आणि जबडा मोडून घेईल.

हिशोब अगदी साधा आहे. डोळ्यांना काहीतरी दिसल्यापासून हात हलायला सुरुवात होईपर्यंत माणसाला साधारण 0.2 सेकंद लागतात, तेही काय येणार हे आधीच ठाऊक असेल तर. डावा की उजवा, सरळ की फिरवून, तोंडावर की पोटात, असे पर्याय वाढले की वेळही वाढतो. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ विल्यम हिक यांनी 1952 मध्येच हे मोजून मांडलं होतं. हाताच्या अंतरावरून निघालेला ठोसा तेवढ्या वेळात बहुतेकदा पोचलेला असतो. शिवाय ठोसा एकटा येत नाही. तुम्ही पहिल्याचं मनगट शोधत असता तेव्हा तो हात मागे गेलेला असतो आणि दुसरा तुमच्या कानशिलावर येत असतो.

मग बॉक्सरांना कसं जमतं, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. एक तर ते लांब उभे असतात. समोरच्याला मारायचं असेल तर आधी पाऊल टाकावं लागतं, खांदा हलतो, आणि तेवढ्यात त्यांना खबर लागते. दुसरं म्हणजे घंटा वाजली आहे, मारामारी सुरू झाली आहे, हे त्यांना माहीत असतं. तुमच्या बाबतीत समोरचा अजून वाद घालतोय असंच तुम्हाला वाटत असतं. आणि तेच बॉक्सर अगदी जवळ आले की काय करतात, ते कधी नीट बघा. एकेक ठोसा अडवत बसत नाहीत. डोकं झाकतात आणि समोरच्याला मिठी मारतात. जगातल्या सगळ्यात सरावलेल्या हातांना जे जमत नाही, ते आठवड्यातून एकदा क्लासला येणाऱ्याकडून का अपेक्षावं?

माझं म्हणणं एवढंच आहे: जवळून येणाऱ्या ठोशाशी भांडू नका, अंतराशी भांडा. सुरक्षित जागा दोनच. एक, त्याचा हात पोचणार नाही इतकं लांब. दुसरी, त्याला हात मागे घेऊन मारायला जागाच उरणार नाही इतकं जवळ, छातीला छाती. मधल्या पट्ट्यात उभं राहिलात की मार ठरलेला.

लांब जाता येत असेल तर जाच. पण सरळ मागे मागे सरकू नका, हे मी ओरडून सांगतो. माणूस मागे जितका वेगाने जातो त्याहून कितीतरी वेगाने समोरचा पुढे येतो, आणि मागे काय आहे ते दिसत नाही. टाच अडकते, माणूस उताणा पडतो, डोकं फरशीवर आपटतं. एका ठोशाने माणूस मेला अशा बातम्या येतात, त्यांतल्या कितीतरी प्रकरणांत घात ठोशापेक्षा त्या आपटण्याने केलेला असतो. अशा मृत्यूंनंतर ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याने 2014 मध्ये वेगळा कायदाच केला. तेव्हा बाजूला सरका, तिरकं निघा, मध्ये टेबल किंवा गाडी घ्या.

बाचाबाची चालू असतानाच हात वर हवेत. मुठी वळून नव्हे, कारण त्याने समोरचा आणखी पेटतो आणि बघणाऱ्यांना भांडण तुम्हीच उकरलं असं वाटतं. उघडे तळहात छातीच्या उंचीवर, त्याच्या आणि तुमच्या मध्ये, जसे आपण "अरे थांब, शांत हो" म्हणताना धरतो तसे. एक पाय थोडा मागे. कॉव्हेंट्रीत नाइटक्लबच्या दारावर बाउन्सरचं काम केलेल्या जेफ थॉम्पसन यांनी ही पद्धत 'फेन्स', म्हणजे कुंपण, या नावाने लोकांपर्यंत नेली, आणि माझ्या मते सेल्फ डिफेन्समध्ये शिकवण्यासारखी पहिली गोष्ट हीच आहे. हात खिशात किंवा घडी घातलेले असतील तर पुढचं काहीच वेळेवर होत नाही.

आता तो ठोसा. चिडलेला, न शिकलेला माणूस बहुतेक वेळा उजवा हात लांबून फिरवून मारतो. त्या क्षणी तुमचं शरीर आपणहून काहीतरी करतं: खांदे वर जातात, मान आत जाते, हात चेहऱ्याकडे येतात. ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि ती तुमच्या निर्णयाच्या आधी घडते. तिच्याशी झगडून एखादा देखणा ब्लॉक बसवण्यापेक्षा तिलाच थोडं वळण लावणं शहाणपणाचं. डावा तळहात कानाच्या मागे, कवटीला घट्ट चिकटलेला. कोपर पूर्ण मिटलेलं आणि पुढे आलेलं, म्हणजे जबड्याची बाजू हाताखाली झाकली जाते. उजवा हातही तसाच. हनुवटी छातीकडे, दात मिटलेले, जीभ आत. उघड्या तोंडावर बसलेला साधा फटकाही जबडा मोडू शकतो. नजर दोन कोपरांच्या फटीतून त्याच्या छातीवर.

हात कवटीला चिकटलेला हवा, यावर मी अडून बसतो. बॉक्सिंगचे मोठे ग्लोव्ह्ज गालाजवळ धरले की अर्धा चेहरा झाकतात. ग्लोव्ह नसलेली मूठ तशीच गालाजवळ धरली तर कडेने ठोसा आत येतो, नाहीतर तुमचाच हात तुमच्या तोंडावर आदळतो. शिवाय तुमच्या कोपरावर किंवा डोक्याच्या हाडावर त्याची मूठ बसली, तर करंगळीच्या मुळाशी असलेलं तळहातातलं हाड त्याचंच मोडायची शक्यता बरीच असते.

पण झाकून जागच्या जागी उभं राहिलात तर तो मारतच राहील. झाकलं की पुढे शिरायचं. पुढचं पाऊल त्याच्या दोन पायांच्या मध्ये, कपाळ त्याच्या गळपट्टीच्या हाडावर दाबलेलं. मारणारा हात वरून वेढून काखेत करकचून धरायचा, दुसरा हात त्याच्या काखेखालून पाठीवर. आता तो मारेल, पण पाठीवर, बरगड्यांवर, आखूड आणि अर्ध्या ताकदीने. इथे सोडवायला रेफरी येत नाही, म्हणून तिथे रेंगाळायचंही नाही. काखेखालून घातलेल्या हाताच्या बाजूने त्याच्या पाठीमागे फिरायचं, ढकलायचं आणि पळायचं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: त्याचा एक हात दिसत नसेल, कमरेमागे किंवा खिशात असेल, तर मिठीचा विचार सोडा आणि जसं जमेल तसं लांब जा. चाकू असेल तर जवळ जाणं जिवावर बेतू शकतं.

क्लासमध्ये एक मुलगी येते, अंगाने बारीक. ग्लोव्ह जवळ आला की डोळे मिटून मान वळवायची आणि पूर्ण पाठ द्यायची. तिला ब्लॉकचे प्रकार शिकवले असते तर वर्ष गेलं असतं. आम्ही फक्त एवढंच केलं: मी मऊ ग्लोव्ह्ज घालून हळूहळू, कुठल्याही क्रमाशिवाय मारत राहायचं आणि तिने झाकत झाकत माझ्यापर्यंत यायचं. पहिले काही दिवस ती दोन पावलांवर थांबायची. मग एकदा तिचं कपाळ माझ्या गळ्याखाली येऊन रुतलं, माझा उजवा हात तिच्या काखेत अडकला आणि डाव्या हाताने मी तिच्या पाठीवर नुसत्या थापा मारत राहिलो. मारायला जागाच नव्हती. तिने वर बघितलं तेव्हा तिचे डोळे उघडे होते. ठोसा लागला तरी आपण उभ्या राहतो, हे तिच्या अंगाला कळलं होतं.

म्हणून माझा आग्रह आहे की क्लास निवडताना भिंतीवरची सर्टिफिकिटं बघू नका. पार्टनर कधीतरी न सांगता मारतो का, दुसरा ठोसा येतो का, मारलेला हात मागे जातो का, एवढं बघा. हात हवेत धरून उभा राहणारा पार्टनर तुम्हाला फक्त खोटा आत्मविश्वास देतो. अर्थात सुरुवात हळूच हवी, दातांचं गार्ड हवं, आणि डोक्यावर जोराने मारून घेण्याचा सराव नकोच. रोज डोक्यावर मार खाऊन मेंदू कणखर होत नाही, बिघडतो.

आणि प्रसंग घडून गेल्यावर "मला काही झालं नाही" म्हणून घरी जाऊन झोपू नका. अंगात ॲड्रेनालिन असेपर्यंत दुखणं कळत नाही. डोक्याला मार लागला असेल तर पुढचा दिवसभर कुणीतरी सोबत हवं. उलट्या, वाढती डोकेदुखी, गुंगी, बोलण्यात अडखळणं, डोळ्याची एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणं, यातलं काहीही जाणवलं तर तडक हॉस्पिटल गाठा. मुठीच्या गाठींवर समोरच्याच्या दाताने जखम झाली असेल, तर ती कितीही छोटी दिसो, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. तोंडातले जंतू सांध्यात गेले तर बोट कायमचं आखडू शकतं.